आमची बिल्डिंग तीनदा विकली गेली

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण जुन्या पागडीच्या बिल्डिंगीत राहत असाल, कधी राहिला असाल, किंवा तुमचं कुणी अजून तिथे राहत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या गिरगावातल्या बिल्डिंगीत, जिन्याखाली मीटरच्या फळीशेजारी एक कागद चिकटवलेला दिसला. मजकूर चार ओळींचा. सदर मिळकत अमुक कंपनीने खरेदी केली असून यापुढे भाडं नव्या मालकाच्या नावे भरावं. बस. शंभर वर्षांची बिल्डिंग विकली गेली आणि आत राहणाऱ्यांना ते चार ओळींत कळलं.

संध्याकाळपर्यंत तिन्ही माळ्यांवर तोच विषय. दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंनी मला गॅलरीत थांबवून विचारलं, "अरे, बिल्डिंग विकली म्हणजे आपल्याला पण विकलं का रे?"

मी हसलो. पण रात्री झोप लागेना, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शोधताना लक्षात आलं की ही बिल्डिंग काही गेल्या महिन्यात पहिल्यांदा विकली गेलेली नाही. पहिल्यांदा ती आपणच विकली, खोली-खोली करून. दुसऱ्यांदा शेठनी विकली. आणि तिसऱ्यांदा जे विकलं जाणार आहे ते अजून बांधलेलंच नाही. तिन्ही विक्र्यांचा इतिहास माहीत नसेल, तर समोर येणाऱ्या कागदावर सही करायची की नाही हे कळणार नाही.

आधी काकूंना उत्तर. नाही, आपल्याला कुणी विकू शकत नाही. भाडेकरू आत असताना मालकाने मिळकत विकली, तर घेणारा फक्त जुन्या मालकाच्या जागी येतो. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा आहे आणि तेव्हापासून हेच चालत आलंय. नवा मालक आला म्हणून जुना भाडेहक्क संपत नाही. पण हेही खरं की विकताना मालकाला आपली परवानगी लागत नाही, आणि "आधी आम्हाला विचारा" असा हक्क आपल्याला नाही. आपण आत आहोत, एवढीच आपली ताकद. ती लहान नाही, पण ती आली कुठून ते बघू.

गिरगाव म्हणजे मुळात वाड्या. नारळी-पोफळीच्या, फणसाच्या. फणसवाडी, खोताची वाडी ही नावं उगाच नाहीत पडली. १८६० नंतर अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा ओतला गेला. १८६५ ला तो फुगा फुटला, पण शहर वाढायचं थांबलं नाही. गिरण्या, गोदी, रेल्वे, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे माणसं हवी होती आणि त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं. वाड्यांमधली झाडं गेली, चाळी उभ्या राहिल्या. त्यातल्याच केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला.

१८९६ ला मांडवीत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या तोडून रुंद रस्ते काढायचे, हवा-उजेड येऊ द्यायचा, हे त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही त्याचीच देणगी. जुनं पाडून नवं करायचं आणि मधल्या काळात तिथल्या गरिबाने कुठे जायचं हा प्रश्न त्यालाच सोडवायला सांगायचं, ही पद्धत मुंबईत तेव्हापासून आहे.

आमची बिल्डिंग १९२० नंतरची. तळमजला अधिक तीन माळे, लिफ्ट नाही, सागवानी जिना, प्रत्येक माळ्यावर लांब गॅलरी आणि टोकाला सामाईक संडास. वर २६ खोल्या, खाली रस्त्याला तोंड करून ५ गाळे. या रचनेमागे मालकाचा साधा हिशेब असायचा. वरच्या बिऱ्हाडांचं भाडं थोडं, पण नियमित. खालच्या दुकानांचं भाडं जास्त. म्हणून दर्शनी भाग नेहमी दुकानांचा आणि बिऱ्हाडांचा जिना बाजूच्या बोळातून. आमच्याकडे एक पिठाची गिरणी, एक शिंपी, एक खानावळ, एक वाणी आणि एक घड्याळवाले होते. वरची माणसं खालच्या दुकानांवर जगायची आणि खालची दुकानं वरच्या माणसांवर. वाण्याकडची वही हीच आमच्या बिल्डिंगीची बँक होती.

आता भाड्याचा कायदा. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, घरं कमी पडली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रण आलं. काही वर्षांनी ते उठलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आलं. आणि मग १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे कायदा. त्याने सांगितलं की १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं. फाळणीनंतर लाखो माणसं शहरात येत होती, घरमालक हवं ते भाडं मागत होते, तेव्हा हा कायदा हवाच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक चालला. तांदूळ महागला, सिमेंट महागलं, गवंड्याची मजुरी वाढली. खोलीचं भाडं १९४० मध्येच बसून राहिलं.

इथेच पहिली विक्री सुरू होते.

भाडं गोठलं, पण खोलीची किंमत गोठली नाही. मग ती दुसऱ्या वाटेने बाहेर आली. तिचं नाव पागडी. माझे आजोबा इथे आले ते भाडेकरू म्हणून. पण पुढे ज्याला खोली सोडायची असेल तो नव्या माणसाकडून रोख रक्कम घ्यायचा, त्यातला हिस्सा मालकाला द्यायचा (बहुतेक ठिकाणी एक तृतीयांश), आणि मालक नव्या माणसाच्या नावाने भाडेपावती फाडायचा. १९४७ च्या कायद्याप्रमाणे हा गुन्हा होता. पैसे घेणारा गुन्हेगार ठरायचा. तरी सगळी दक्षिण मुंबई यावर चालली. सगळा व्यवहार रोखीचा आणि विश्वासाचा, कागद फक्त ती एक भाडेपावती.

आमच्या माळ्यावर नऊ खोल्या. मला आठवतं तेव्हा नऊच्या नऊ मराठी बिऱ्हाडं होती. आज तीन आहेत. बाकीची कुठे गेली? कुणी बंदूक लावून हाकललं नाही त्यांना. १८० फुटांच्या खोलीत तीन भाऊ, दोघांची लग्नं झालेली, रात्री गॅलरीत गाद्या. मग एक दिवस थोरल्याने म्हणायचं, "पागडी घेऊ आणि डोंबिवलीला ब्लॉक घेऊ." आणि त्यात चूक काय होतं? स्वतःचा संडास असावा, मुलांना अभ्यासाला कोपरा असावा, एवढंच तर हवं होतं. खोली घेणारा कधी झवेरी बाजारात काम करणारा असायचा, कधी ऑपेरा हाऊसच्या हिरेबाजारातला. त्यालाही जवळ राहायला जागा हवीच होती.

म्हणून "मराठी माणसाला गिरगावातून हाकललं" असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की आपण एकेक खोली विकत बाहेर पडलो, आणि ती विकावी लागली कारण शहराने परवडणारं मोठं घर जवळपास बांधलंच नाही. राग कुणावर काढायचा हे ठरवण्याआधी हे दोन्ही बघावं.

या पहिल्या विक्रीची एक किंमत आज चुकवावी लागतेय. कित्येक खोल्यांच्या पावत्या अजून आजोबांच्या नावावर आहेत. "घरचंच आहे, कशाला मालकाला पैसे देऊन नाव बदला" असं म्हणून राहून गेलं. पण भाडेहक्क हा वडिलोपार्जित दागिन्यासारखा वाटून घेता येत नाही. भाडेकरू वारला तेव्हा कुटुंबातलं जे त्याच्यासोबत तिथे राहत होतं, त्याच्याकडे हक्क जातो. दुकान असेल तर जो तो धंदा तिथे चालवत होता त्याच्याकडे. मृत्युपत्र करून भाडेहक्क कुणाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केलंय. विरारला राहणाऱ्या काकांचा आणि इथेच राहिलेल्या पुतण्याचा वाद आमच्या माळ्यावर आत्ताच सुरू झालाय. नवा मालक अजून दारातही आलेला नाही.

दुसरी विक्री शेठची.

शेठना शिव्या घालणं सोपं आहे. मीही घातल्यात, विशेषतः पावसाळ्यात. पण एकदा कागदावर मांडून बघा. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की १९४० ला गोठवलेलं भाडं आता अवाजवी झालंय. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. सुरुवातीला ५ टक्के वाढ, नंतर दर वर्षी ४ टक्के. पागडीलाही याच कायद्याने अधिकृत दरवाजा उघडला. पण २००० साली ज्या खोलीचं भाडं २० रुपये होतं, त्याचं चक्रवाढीने धरलं तरी २५ वर्षांनी ५६ रुपये होतं. वडापाव-चहाचे पैसे.

आमच्या बिल्डिंगीचा ढोबळ हिशेब करतो. २६ खोल्या सरासरी ५५ रुपयांनी, म्हणजे १,४३० रुपये. ५ गाळे सरासरी २०० रुपयांनी, म्हणजे १,०००. महिन्याचे झाले २,४३०. वर्षाचे २९,१६०. शंभर वर्षं जुन्या, गळक्या, चारमजली इमारतीचा मालक या पैशात काय दुरुस्त करणार? एका माळ्याची गॅलरीसुद्धा नाही.

सरकारला हे माहीत होतं. इमारती कोसळायला लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. उपकर, म्हणजे आपण ज्याला सेस म्हणतो, तो घ्यायचा आणि मंडळाने दुरुस्ती करायची. तेव्हा शहरात अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. त्यातल्या १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या. आमचीही त्यातलीच. पुढे मंडळ म्हाडात गेलं. टेकू लागले, लोखंडी तुळया आल्या, जिन्याला पत्रे ठोकले. मालक म्हणाला, दुरुस्ती मंडळ बघेल. मंडळ म्हणालं, निधीची मर्यादा आहे. भाडेकरू म्हणाला, इमारत माझी नाही. तिघांचंही म्हणणं आपापल्या परीने खरं, आणि इमारत मात्र पडत राहिली. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात हुसैनी बिल्डिंग कोसळली, ३३ माणसं गेली. तीसुद्धा खाली गाळे, वर बिऱ्हाडं अशीच होती.

मधे एक वेगळी वाटही निघाली होती. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात नवं प्रकरण घातलं गेलं. ७० टक्के रहिवाशांनी सोसायटी करून मागणी केली, तर मंडळाने इमारत संपादित करून त्यांना द्यायची आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या १०० पट रक्कम द्यायची. वरच्या हिशेबाने आमची अख्खी बिल्डिंग २ लाख ४३ हजारांत! भाडेकरूला हे ऐकून गुदगुल्या होतात, पण मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मालकांची संघटना कोर्टात गेली. प्रकरण १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि मोठमोठ्या खंडपीठांकडे जात राहिलं. शेवटी ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही. आपल्या जिन्याखालच्या भांडणावरून देशाच्या राज्यघटनेचा अर्थ ठरला, हे किती जणांना माहीत आहे?

या सगळ्यात आमच्या शेठची तिसरी पिढी आली. वारस अकरा, त्यातले काही परदेशात. भाडं गोळा करायला येणारे मेहताजी वारले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. २९ हजार वाटून घ्यायला कोण येणार? त्यांनी विकली. मी त्यांच्या जागी असतो तर मीही विकली असती.

मग घेणाऱ्याने काय घेतलं? २९ हजारांचं भाडं घ्यायला कुणी कंपनी काढत नाही. त्याने घेतली ती आपल्या डोक्यावरची हवा. हीच तिसरी विक्री.

विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) नावाचा नियम आहे. उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधली तर जुन्या रहिवाशांना घरं द्यायची, आणि त्या बदल्यात बांधणाऱ्याला जास्तीचं चटईक्षेत्र मिळतं. ते तो बाजारभावाने विकतो. आज गिरगावातल्या नव्या फ्लॅटची किंमत कोटीत बोलली जाते. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावात भुयारी मेट्रोचं स्टेशन सुरू झालंय, त्याच मेट्रोसाठी इथल्या काही बिल्डिंगी आधीच गेल्या. म्हणजे आमच्या खालची जमीनही महागली आणि वरची हवाही. मधल्या तीन माळ्यांची किंमत तेवढी शून्य.

पण ही हवा विकायला त्याला एक गोष्ट लागते, आपली संमती. आधी ७० टक्के रहिवाशांची लागायची. आताच्या नियमावलीत एकट्या इमारतीसाठी ५१ टक्के पुरते. आमच्याकडे ३१ भाडेकरू. म्हणजे १६ सह्या. आता खालच्या पाच गाळ्यांकडे बघा. पाचही जण "नाही" म्हणाले तरी वरच्या १६ सह्यांनी काम होतं.

आणि दुकानदाराचं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे. १८० फुटांच्या खोलीवाल्याला नियमाप्रमाणे किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं घर मिळतं. त्याची चांदी. दुकानदाराला मात्र जेवढी जागा होती तेवढीच. शिवाय मधली तीन-चार-पाच वर्षं वरचा माणूस दुसरीकडे भाड्याने राहू शकतो, पण शिंप्याचं गिऱ्हाईक पाच वर्षं वाट बघत नाही. आणि परत आल्यावर त्याचा गाळा रस्त्याला तोंड करून असेल की मागे पार्किंगच्या रॅम्पशेजारी, हे करारात लिहिलं नसेल तर बिल्डर ठरवणार. आमच्या खानावळवाल्यांनी परवा मला विचारलं, "तुम्ही वरचे सही कराल ना?" त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, भीती होती. त्यांच्या थाळीवर आमच्या बिल्डिंगीतले तीन पोरगे शिकून मोठे झालेत.

येत्या रविवारी गच्चीवर मीटिंग आहे. मी काय मांडणार ते इथेही लिहितो, दुसऱ्या बिल्डिंगीतल्यांना उपयोगी पडेल.

एक. पावत्या शोधा. पत्र्याच्या पेटीतल्या, देवघरामागच्या, सगळ्या. नाव कुणाचं आहे बघा आणि घरातला वाद बिल्डर यायच्या आत घरातच मिटवा.

दोन. १३ जून १९९६ ही तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर निर्माण केलेली नवी भाडेकरारी ३३(७) मध्ये धरली जात नाही. म्हाडाच्या यादीत आपलं नाव आणि आपलं क्षेत्रफळ बरोबर आहे का ते आत्ताच तपासा. पोटमाळा, बंद केलेली गॅलरी, सगळं.

तीन. संमतीपत्र हा साधा अर्ज नाही. नियमात तिला मागे न घेता येणारी संमती म्हटलंय. "फक्त म्हाडाला दाखवायला सही हवी" असं कुणी गोड बोललं, तर आधी करार दाखवा म्हणायचं. तोही नोंदणीकृत. पर्यायी घराचं भाडं किती, कधीपर्यंत, काम रखडलं तर काय, सगळं लिहून.

चार. घाई नाही, पण हातावर हात ठेवूनही बसायचं नाही. २०२२ पासून लागू झालेल्या ७९-अ प्रमाणे इमारत धोकादायक ठरली तर आधी मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने आणि त्यानंतर म्हाडा. म्हणजे आपली संस्था तयार नसेल तर आपली पाळी येऊन निघून जाईल. त्याच दुरुस्तीत रखडलेले प्रकल्प म्हाडाने ताब्यात घेण्याची तरतूदही करावी लागली. ती का करावी लागली याचा विचार करा.

पाच. आणि माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. वरच्यांनी खालच्यांना सोडून सह्या करायच्या नाहीत. गाळ्यांचं तोंड कुठे, मधल्या काळात धंद्याचं काय, हे करारात येईपर्यंत २६ पैकी एकाही खोलीने सही देऊ नये. १६ सह्यांनी काम होतं हे बिल्डरला माहीत आहे. ३१ जण एकत्र बसलेत हे त्याला दिसलं पाहिजे.

बिल्डिंग वाचवा असं मी म्हणत नाही. तो जिना मी रोज चढतो, मला माहीत आहे तो किती दिवसांचा सोबती आहे. काकूंचे गुडघे लिफ्टची वाट बघतायत. नवी बिल्डिंग व्हायलाच हवी.

पण पहिली विक्री आपण एकेकट्याने केली, गपचूप, रोखीत. दुसरीत आपल्याला कुणी विचारलं नाही. तिसरीत मात्र आपल्या सहीशिवाय पान हलत नाही. शंभर वर्षांत पहिल्यांदा. आणि नवं घर मिळाल्यावर, मेंटेनन्सचं पहिलं बिल हातात पडल्यावर, चौथ्या विक्रीचा विचार प्रत्येकाच्या मनात येईलच. तो ज्याचा त्याने करावा.

काकूंना काल मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला नाही विकलं. आपण विकायचं की नाही ते आपण ठरवायचं."

एवढंच. तुमच्या बिल्डिंगीत काय चाललंय, गाळेवाल्यांचं पुढे काय झालं, ते खाली जरूर लिहा. आणि पोस्ट डोंबिवली, बोरिवली, विरारला गेलेल्या गिरगावकरांपर्यंत पोचवा. पावत्या त्यांच्याच पेटीत असतील.